दसऱ्याला पुसलेलं जुनं

पेणच्या आमच्या क्लासात कॉम्प्युटर एकच आणि त्यात सी भाषेची व्हर्जन दोन, एक जुनं, एक नवं. एकाच्या फायली दुसऱ्यात मिसळल्या की दोन्ही रुसायची. म्हणून मी दोघांची चूल वेगळी मांडून दिली होती. वेगवेगळ्या डिरेक्टऱ्या केल्या आणि दोन छोट्या बॅच फायली लिहिल्या. ‘जुने’ टाइप केलं की जुनं उघडायचं, ‘नवे’ टाइप केलं की नवं. या कारागिरीचा मला भारी अभिमान होता.

जित्याजवळच्या खाडीकाठच्या गावातून एक बाई शिकायला यायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मिठागरात राबणाऱ्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सर. धाटावच्या एका कंपनीच्या ऑफिसात त्यांच्यासाठी जागा होती, पण दिवाळीनंतर सी भाषेच्या परीक्षेचं सर्टिफिकेट दाखवायचं होतं. “मिठात पाय सोलून निघतात, सर,” त्या म्हणायच्या. “मना खुर्चीत बसून काम करायचा हाय.”

दसऱ्याआधी क्लासच्या मालकांनी फर्मान काढलं, “घर झाडता तसा कॉम्प्युटरपण झाडा. लागत नाय ता काढा.” डिस्क खरंच भरली होती. आजवर परीक्षा जुन्यावर होत आली होती, पण कंपन्यांत नवं आलंय म्हणजे परीक्षेलाही आलंच असणार, असं मीच ठरवलं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. जुन्याच्या मूळ फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी लागलेली, म्हणजे ते पुन्हा टाकता येणार नाही, हे ठाऊक असूनही मी जुनं पुसून टाकलं आणि ताईंना नव्यावर तयार केलं.

परीक्षा रोह्याच्या एका शाळेत होती. मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा राहिलो. ताईंच्या पडद्यावर जुनं व्हर्जन उघडलं. त्यांनी भराभर प्रोग्रॅम लिहिला, चालवला, आणि चुकांची यादी आली. जुन्यात प्रोग्रॅममध्ये वापरायची सगळी नावं सुरुवातीलाच सांगावी लागत. नव्यात हवं तिथे सांगितलं तरी चाले, आणि मी तेच शिकवलं होतं. एक ओळ उचलून वर न्यायची, बस. पण मी तोंड उघडलं असतं तर कॉपी म्हणून त्यांनाच उठवलं असतं.

ताई ती ओळ पुसत होत्या आणि पुन्हा तशीच, तिथेच लिहीत होत्या. चार वेळा, पाच वेळा. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी नुसता उभा. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. वेळ संपली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मी पेणला उतरणार होतो, त्या पुढे जित्याला. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, तोवर कंपनी थांबणार नव्हती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पेण जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, “सर, सगळा तुमी शिकवला तसाच लिवला. मंग माझा काय चुकला?”

सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंडातून निघालं ते भलतंच. “घाई झाली असेल, ताई.”

“व्हय,” त्या लगेच म्हणाल्या, “माझीच घाई झाली.” आणि मला उतरायला वाट मिळावी म्हणून त्यांनी पाय आवरून घेतले.