कॉफीतलं चीज

वेस्ट विंडसरमधले आमचे हे एक शेजारी दर उन्हाळ्यात कुठलं तरी कल्चर अनुभवून येतात, आणि मग वर्षभर ते आम्हाला अनुभवावं लागतं. यंदा नॉर्वेचं पार उत्तरेचं टोक, तिथले रेनडिअर पाळणारे सामी लोक. बोलणं संपलं की डोळे मिटायची या शेजाऱ्यांना सवय आहे. "त्यांच्या तंबूत बसलो, यार. शेकोटी, एक म्हातारी आजी, आणि कॉफीत चीज." मग डोळे मिटतात.

गेल्या शनिवारी आम्हाला बोलावून त्यांनी तीच कॉफी केली. लाकडी पेल्यांत चीजचे तुकडे टाकले, वरून कडक काळी कॉफी ओतली. ते चीज दातांखाली रबरासारखं करकरत होतं.

"ही माणसं लाजत नाहीत स्वतःच्या खाण्याला," ते म्हणाले.

टेबलाच्या टोकाला साताऱ्याहून आलेल्या त्यांच्या आई बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. आजींनी सकाळच्या चपातीचा तुकडा चहात बुडवला.

"आई, प्लीज. लोक बसलेत."

आवाज चढला नव्हता. हसत हसतच त्यांनी आजींची बशी उचलली, सिंकमध्ये ठेवली आणि परत येऊन चमच्याने कॉफीतलं चीज शोधू लागले.

आजी मुलाच्या पेल्याकडे बघत होत्या.

"मऊ होतं का रे ते, बुडवल्यावर?"

"आई, ते त्यांचं ट्रॅडिशन आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.