केळीच्या चिकाचा डाग
केळीच्या चिकाचा वास आला की इंग्रजांच्या काळातली रावेरची आमची बाग आठवते. बांधाच्या भांडणात शेजाऱ्यानं ती घडांसकट कापली. आडवी खोडं उचलताना वडिलांच्या सदऱ्यावर चिकाचे डाग पडले, ते कधी निघतच नाहीत. वडील तोच सदरा घालून रोज शेजाऱ्याच्या दारावरून जायचे. तो मान खाली घालायचा, मला बरं वाटायचं. एकदा अजिंठ्याला निघालेला एक बौद्ध भिक्षू विहिरीवर पाणी प्यायला थांबला. सगळं ऐकून म्हणाला, “भाऊ, बाग त्यानं कापली, पण दुःख तुम्ही धरून ठेवलंय म्हणून आहे. सोडा.” वडील म्हणाले, “सोडलं तं माह्यापाशी राहीन काय?” काल त्या शेजाऱ्याच्या नातवाच्या लग्नाचं बोलावणं आलं. मी पेटीतून सदरा काढून अंगात घातला. माझ्याच मापानं शिवल्यासारखा बसला.