बांबूचं इंजिन

समस्त शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील लग्नाळू पुरुषांस व जुन्या मोटारींच्या मालकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बायको आणि इंजिन यांत इंजिन निवडणं जास्त अवघड असतं. बायको मला वीस मिनिटांत पसंत पडली. इंजिनापायी मी दोन तालुके पालथे घातले.

ती वीस मिनिटं आधी सांगतो. नव्वदच्या दशकाचा मध्य. आम्ही शहापूरहून टोकावड्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलगी अंगणात कोंबडीमागे धावत होती. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं मोडलं होतं आणि एक कोंबडी सुटली होती. पाहुणे ओटीवर चहा घेऊन बसलेत याची तिला फिकीर नव्हती. कोंबडी माझ्या खुर्चीखाली शिरली, मी ती पकडून दिली, आणि मला एकदम शौर्य चढलं. लग्नाला आमच्या स्वतःच्या मोटारीतून येईन, असं मी सांगून टाकलं.

तिच्या थोरल्या बहिणीचा नवराही असंच म्हणाला होता, जीपने येतो म्हणून, आणि वऱ्हाडासकट एसटीतून उतरला होता. गाव अजून त्यावर हसत होतं. हे मला ठाऊक नव्हतं. तिने कोंबडी बगलेत धरून माझ्याकडे सरळ पाहिलं.

"बोललात ना, मग त्याच गाडीतून या. एसटीनं आलात तर मी दाराशी येणार नाही."

मोटार होती, हे खरं. आजोबांनी एका लाकूडवाल्याकडून घेतलेली, चाळिशी उलटलेली, वटारलेल्या डोळ्यांसारख्या दिव्यांची काळी विलायती गाडी. ती आमच्या पडवीत पेंढ्याच्या गंजीला टेकून उभी होती. तिला इंजिनही होतं. फक्त त्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. लग्नाला दोन महिने होते.

मुरबाडच्या मिस्त्रीने शहापूरला येऊन बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि एखाद्या डॉक्टरासारखं हळूच मिटलं. या जातीचं इंजिन आता मिळणार नाही, दुसऱ्या गाडीचं बसवावं लागेल, म्हणाला. आणि दुसरं म्हणजे कुठलंही नव्हे. त्याचं तोंड आपल्या गिअरबॉक्सला जुळलं पाहिजे, उंची बॉनेटखाली मावली पाहिजे, वजन पुढच्या स्प्रिंगांच्या पाट्यांना पेललं पाहिजे. म्हणजे कुंडलीच.

तेव्हापासून माझा पाय जमिनीवर ठरेना. सकाळी मुरबाडची एसटी, दुपारी परत, संध्याकाळी वाशिंदला कुणाकडे जुनं इंजिन पडलंय कळलं की तिकडे. जेवताना माझा गुडघा हलत असे आणि ताटातली आमटी हिंदकळे. आई म्हणायची की इंजिन राहू दे, तूच गाडीत जाऊन बस, आपोआप चालेल.

पहिलं स्थळ आलं जीपच्या इंजिनाचं. सहा माणसांनी ते साखळीने उचलून आत सोडलं. सगळं जुळलं, पण बॉनेट मिटेना. चार बोटं उंच. ते परत गेलं. दुसरं आलं टेम्पोचं, डिझेलचं. ते आत टेकताच गाडीने पुढची मान अशी खाली घातली की जणू पाया पडतेय. तेही परत गेलं. तिसऱ्या वेळी सहाही माणसांना अचानक शेतात कामं निघाली. आणि आता सव्वीस दिवस उरले होते.

मिस्त्रीला कल्याणच्या भंगारात एका टॅक्सीचं पेट्रोल इंजिन दिसलं होतं. पण बसेल याची खात्री झाल्याशिवाय तो ते उचलायला तयार नव्हता. त्याच्या गॅरेजसमोर सिद्धगडाखालच्या पाड्यावरची एक म्हातारी टोपल्या विकायला बसायची. आमची हुज्जत ती आठवडाभर ऐकत होती. शेवटी म्हणाली की माप आणा, तसंच्या तसं विणून देते. आधी ते घालून बघा, मग लोखंड आणा.

 इतकी सोपी, इतकी थोर युक्ती आपल्याला का सुचली नाही, याची आम्हा दोघांना लाज वाटली. मिस्त्री सुतळी घेऊन कल्याणला गेला आणि गाठी मारमारून इंजिनाची लांबी, रुंदी, उंची, बाजूचा डायनॅमो, सगळं घेऊन आला. चार दिवसांनी म्हातारी शहापूरच्या स्टँडवर उतरली, डोक्यावर बांबूचं इंजिन. कंडक्टरने हे काय म्हणून विचारलं होतं. तिने इंजिन असं खरं सांगितलं होतं.

मी एकट्याने ते उचललं आणि आत सोडलं. उजवीकडे, स्टिअरिंगचा दांडा खाली येतो तिथे, डायनॅमो जरासा अडला. मिस्त्रीने वरून तळहात ठेवला, मी गुडघा ठेवला, थोडं कुरकुरलं आणि बसलं. बॉनेट मिटलं. आम्ही नारळ फोडला आणि कल्याणचं इंजिन उचलायला टेम्पो धाडला.

बांबू दबतो, हे त्या दिवशी पडवीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांचा जन्म बांबूत गेला होता.

भंगारवाल्याशी घासाघीस होऊन खरं इंजिन येईतो लग्नाला चार दिवस उरले होते. ते आत सोडलं आणि उजवीकडे, अगदी त्याच जागी, दोन बोटांनी अडलं. मी गुडघा ठेवला. गुडघा दुखला. मिस्त्री म्हणाला की कापून, सरकवून नवीन आधार जोडायचे तर पंधरा दिवस. म्हातारी मुद्दाम बघायला आली होती. तिने आमच्याकडे दयेने पाहिलं.

"माजं त बसलं व्हतं रे बाबा. तुमचंच नाय बसत."

दोन रात्री मी पडवीत येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सांगितला. गाडी ओढत टोकावड्याच्या अलीकडच्या चढाच्या माथ्यापर्यंत न्यायची, दोर सोडायचा आणि पुढे उतारावरून दारापर्यंत घरंगळायचं. मिस्त्रीने ब्रेक जिवापाड नीट केले. एवढ्यात आई आडवी आली. वरातीला रिकामी गाडी न्यायची नाही, अशुभ असतं. पोटात काहीतरी हवं. म्हणून ते बांबूचं इंजिन पुन्हा आत बसलं, वर हळदकुंकू वाहिलं.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मुंडावळ्या बांधून, फेटा सावरत मी उतारावरून असा आलो की ढगातून देव उतरावा. आवाज नाही, धूर नाही. मांडवाच्या दारात गाडी अलगद थांबली. ताशेवाले वाजवायचे थांबले. आणि नवरी दाराशी आली.

मी दार उघडून उतरणार, तेवढ्यात तिचे मामा पुढे आले. मामांनी घाटात वीस वर्षं ट्रक चालवला होता. इतकं शांत इंजिन जन्मात ऐकलं नाही, ते बघितल्याशिवाय मी कुणाला जेवू देणार नाही, असं म्हणत त्यांनी बॉनेट वर केलं.

 मामांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. कुणीतरी मागून हसायला तोंड उघडलं होतं. मी फेट्याच्या शेमल्याशी चाळा करत, पहिल्या जावयाशेजारी आपली जागा कुठे, ते बघत होतो.

ती उंबरा ओलांडून थेट गाडीपाशी आली. वाकली. हळदीच्या बोटांनी वीण दाबून पाहिली, कडा चाचपल्या, डायनॅमोच्या फुगवट्यावर टिचकी मारली, आणि जमलेल्या सगळ्या गावादेखत तिच्या तोंडून निघून गेलं,

"ह्यात तर आठ कोंबड्या मावतील."