बिनकामाचं भोक

"पाहाचं त पाहा, पन बनवाचं नाही!"

आमच्या शेजारचे काका दारात आलेल्या प्रत्येकाचं स्वागत असं करत, आणि तो खुर्चीत टेकायच्या आत कोपऱ्यातल्या यंत्रावर काकूंचं जुनं लुगडं ओढून घेत. माझ्या सासूबाई बुलढाण्याला पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावं लागलं. त्या बिचाऱ्या विरजण मागायला गेल्या होत्या.

असा एखादा गृहस्थ तुमच्याही गल्लीत असेल. कचेरीतून निवृत्त झालेला, अंगणात पत्र्याची शेड टाकलेली, आणि दुपारी डोळा लागतो न लागतो तोच ग्राइंडर सुरू. काकांच्या शेवयांच्या यंत्राने एकदा निम्म्या शेवया छताला चिकटवल्या होत्या. त्यावर "छत खाली हाये, मशीनचा काय दोष?" असं ते म्हणाले.

पण लुगड्याखालचं ते लसणाचं यंत्र मात्र झकास होतं. लावणीसाठी लसणाच्या पाकळ्या सुट्या कराव्या लागतात आणि त्यात नखं सोलवटून निघतात. काकांच्या यंत्रात वरून गड्डे टाकायचे, हँडल फिरवायचं, की दोन रबरी रुळांमधून पाकळ्या खाली. हे यंत्र त्यांना म्हणे स्वप्नात दिसलं होतं. कुणी बाई ते फिरवत होती, बांगड्या वाजत होत्या, चेहरा काही दिसला नाही. "लक्ष्मीच असन," ते म्हणत. "सपन माहं, त मशीन माही."

त्या यंत्राच्या डाव्या बाजूच्या पत्र्याला एक रिकामं भोक होतं. त्यात ना दांडा, ना बोल्ट. मी विचारलं तेव्हा काकांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"बिनकामाचं हाये. सपनात दिसलं, तसंच ठेवलं. चोराले काय समजते ते काऊन हाये? तो भोकासकट नक्कल करीन. मंग सापडला!"

दर रविवारी वेल्डिंगच्या एका दुकानासमोर गावातले असे सगळे हौशी यंत्रवाले जमत. कुणाची पेडलवरची चक्की, कुणाचं पापड लाटायचं यंत्र. प्रत्येकाचं स्वतःचं ते अस्सल आणि बाकीच्यांची नक्कल; आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दोघांनी तर एका स्प्रिंगवरून बोलणं टाकलं होतं, आणि ते सख्खे साडू होते.

अशाच एका रविवारी मी फाटकाची बिजागरी घेऊन तिथे गेलो होतो. देऊळघाटहून आलेल्या ऑटोतून एक म्हातारी उतरली. तिच्याबरोबर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्याचा रूळ निसटल्याचं तिने वेल्डरला सांगितलं. वेल्डरने पोतं सोडलं आणि काका ताडकन उठले. जुनं, वापरून काळं पडलेलं लसणाचं यंत्र! उजवीकडे हँडल, डाव्या पत्र्याला रिकामं भोक.

"सापडला!" काका ओरडले. "आजी, कोनं बनवून देल्ली ही? नाव सांगा त्याचं!"

"माह्या सासऱ्यानं."

"खोटं! हे भोक पाहा. बिनकामाचं हाये. चोर पकडाले ठेवलं मी ते!"

"बिनकामाचं काऊन असन?" म्हातारी शांतपणे म्हणाली. तिने हँडलची खीळ काढली, हँडल ओढून डावीकडच्या भोकात बसवलं आणि फिरवलं. "डावखोऱ्यासाठी हाये हे."

इतक्या वर्षांत त्या भोकात हँडल घालून पाहावं, असं काकांच्या मनातही आलं नव्हतं. मग त्या साडूंपैकी एक हसत म्हणाला, "काका, सापडला म्हना चोर!" मला त्यांच्याकडे बघवेना.

म्हातारी मात्र आपल्याच नादात बोलत होती. "आमच्या घरी डावखोरं कोनी नव्हतं. मी नवी नवरी होती तव्हा एक बाई लसूण फोडाले येत होती. तिच्यासाठी सासऱ्यानं पाडलं हे भोक. तिचं लेकरू समोर बसून मशीनकडं टकामका पाहात राह्याचं. बाई तापानं गेली. लेकराले मामा घेऊन गेला." मग तिने काकांकडे नीट पाहिलं. "तुमचं गाव कोनतं, भाऊ?"

"देऊळघाटच," काका कसंबसं म्हणाले. "माय लहानपनीच गेली. मामानं इकडं आनलं."

"मायचं नाव?"

काकांनी नाव सांगितलं. म्हातारीच्या हातातलं हँडल थांबलं.

"तू तेच लेकरू हायेस का रे, बापू?"

आता काका रडतील, नाहीतर तिला नमस्कार करतील, असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "माही माय डावखोरी होती?"

घरात आईचा फोटोसुद्धा नसलेला माणूस. आपली आई कोणत्या हाताने काम करायची, हे त्याला साठीनंतर वेल्डिंगच्या दुकानासमोर, दहा जणांत कळावं! मी बिजागरी तिथेच विसरून घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून यंत्रावरचं लुगडं निघालं. यंत्र ओट्यावर आलं, हँडल डावीकडे. कुणी विचारलं तर काका म्हणत, "देऊळघाटच्या एका मानसानं केली. मी नक्कल केली." आणि डाव्या हाताने, अडखळत, फिरवून दाखवत. ज्याला माप हवं त्याला माप देत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. परवा काकूंकडे डोकावलो, तर त्या ओट्यावर बसून यंत्रावर लसूण फोडत होत्या. त्यांना डावा हात जमत नव्हता, गड्डे खाली पडत होते. मी म्हटलं, "काकू, हँडल उजवीकडे लावून देऊ का?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ती जागा आमच्या सासूबाईची हाये."

आणि त्यांनी खाली पडलेला गड्डा उचलून पुन्हा वर टाकला.