दाबल्यावर उघडणारा ठोकळा

वेबवालीने केलेली वेबसाइट ओळखायची कशी? एकदम सोपं आहे. पान उघडलं की सगळ्यात वर, फोटोच्याही वर, फोन नंबर असतो. साधा, काळा, ठसठशीत. ना बटण, ना रंग, ना काही हलणारं. गिऱ्हाइकं कुरकुरतात. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी तर तोंडावरच सांगितलं, "अहो, दुकानाची पावती वाटतेय ही!" वेबवाली म्हणाली, "वाटू दे. नंबर दिसतोय ना?" नंबर खाली घ्याच म्हणणाऱ्याचं काम ती सोडून देते, पण नंबर जागचा हलत नाही.

हा हट्ट काही जन्मापासूनचा नाही बरं का. पूर्वी ही बाई नटव्या कामासाठीच प्रसिद्ध होती. हळूच सरकत येणारे फोटो, बोट लावलं की उमलणाऱ्या चौकटी, असला सगळा थाट. गाद्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत तिचं ऑफिस. दोन टेबलं, एक खिडकी, आणि खालून येणारा नव्या कापसाचा वास. दुसऱ्या टेबलावर तिचा भागीदार. त्याला सगळे चिक्कू म्हणायचे. पैशापायी नव्हे हो, पैसा तो पाण्यासारखा घालवायचा. पण वेबसाइटवर एक फालतू ओळ चढली की याच्या पोटात दुखायला लागायचं.

घरी आई आणि बाबा. आई शिवणकाम करायची, हात असा चालायचा की बघत राहावं. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते, आता घरीच. त्यांच्या हाताला मात्र यश नव्हतं. बरणीचं झाकण फिरवायला घेतलं की आटे चुकवणार, सुईत दोरा ओवायला घेतला की सुईच हरवणार. आई हसायची आणि हात पुढे करायची, "तुम्हाला नाही जमायचं. द्या इकडे." संसारभर हेच. बाबाही निमूट देऊन टाकायचे. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट ते ऐकायलाच झाकणाशी झटापट करायचे की काय, कोण जाणे.

तर एकदा बाबांचा फोन बादलीत पडला. वेबवालीच्या ऑफिसातल्या खणात एक जुनाट फोन असायचा, कोपरा तडकलेला. तो ठेवला होता तपासणीसाठी. चिक्कूचा नियमच होता: नव्या फोनवर काय, काहीही चालतं, ह्या म्हाताऱ्यावर चाललं तर ते काम खरं. तोच फोन तिने बाबांना दिला. तात्पुरता. आता आपल्याकडचं तात्पुरतं किती दिवस टिकतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच सुमाराला अँब्युलन्सवाल्या साहेबांचं काम आलं. गावाच्या एकेका भागाला त्यांचं वेगळं केंद्र आणि वेगळा नंबर. साहेबांना नंबरांची लांबलचक रांग नको होती. "अहो, बघूनच माणूस आजारी पडेल," म्हणाले. मग ठरलं की नुसती भागांची नावं दाखवायची, आणि नावावर दाबलं की खाली नंबर उघडायचा.

वेबसाइटच्या एडिटरमध्ये पान रचतात ते ठोकळ्यांनी. फोटोचा ठोकळा, मजकुराचा ठोकळा, बटणाचा ठोकळा, एकाखाली एक लावत जायचे. त्यांना ब्लॉक म्हणतात. एडिटरचे स्वतःचे ब्लॉक असतात बेताचेच. जास्त हवे असतील तर ब्लॉकांची आख्खी पेटी प्लगइन म्हणून वरून बसवायची. अशा पेट्या रगड. निवडता निवडता दोन उरल्या.

पहिली पेटी अगदीच रूक्ष. तिचा दाबायचा ठोकळा खट्कन उघडायचा, खट्कन मिटायचा. पण कुठल्याही फोनच्या अंगी मुळातच जे असतं, त्यावरच तो चालायचा. दुसरी पेटी म्हणजे नुसता रुबाब! ठोकळा अलगद उलगडायचा, छोटा बाण गर्रकन वळायचा. फक्त त्यासाठी ती स्वतःचा एक प्रोग्राम पानासोबत पाठवायची, आणि तो प्रोग्राम लिहिलेला होता नव्या धाटणीचा. फोनला तो कळला तर ठीक. नाही कळला तर ठोकळा बंदच.

"पहिली," चिक्कू म्हणाला.

"अरे, साहेब तोंड फिरवतील ते ध्यान बघून!"

"फिरवू देत. माणूस मरायला टेकल्यावर बाण कसा वळतो ते बघणार आहे का?"

"तुला ना, सुंदर काही बघवतच नाही."

शेवटी चिक्कूने माघार घेतली, पण अर्धीच. "दोन्ही म्हाताऱ्यावर लावून बघू. चालली तर तुझी." वेबवालीने खण ओढला. रिकामा. "अगं बाई, तो बाबांकडे नाही का!" "मग आज घरी बघ," चिक्कू म्हणाला.

घरी गेली तेव्हा बाबा त्या फोनवर आत्याशी बोलत होते. आत्या एकदा बोलायला लागली की कुठली थांबते! वेबवालीने थोडी वाट पाहिली, जेवली, विसरली. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा तिने ह्या धंद्यातले सगळेच करतात तेच केलं. कॉम्प्युटरवरच्या खिडकीची कड धरली आणि फोनच्या रुंदीएवढी होईस्तोवर आत ढकलली. पान झकास बसलं. ठोकळा दाबला, अलगद उलगडला, बाण गर्रकन वळला. खिडकी अरुंद केली म्हणून कॉम्प्युटरचा जुना फोन होत नाही, हे तिला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

"म्हाताऱ्यावर बघितलंस?" चिक्कूने विचारलं.

"बघितलं."

झालं. दुसरी पेटी बसली. साहेब खूश. बाबा तर विचारूच नका. त्यांनी ते पान फोनच्या दर्शनी भागावर लावून घेतलं आणि येईल त्याला वरचा गाडीचा फोटो दाखवत सुटले, "आमच्या मुलीचं काम!" ठोकळे दाबून बघायचं कारणच पडलं नाही.

कारण पडलं ते एका भर दुपारी. आई मशीनवर बसली होती. पाय थांबले, मशीन थांबलं, आणि तिने छातीवर हात दाबला. घरात बाबा एकटे. वेबवाली एका दवाखान्यात तिथल्या लोकांना वेबसाइट शिकवत होती, फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. बाबांनी तिला लावला. सरकारी नंबर लावला, तो लागेना. मग त्यांना मुलीचं पान आठवलं. उघडलं. आपल्या भागाचं नाव सापडलं. दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठ्याने दाबलं, पुसून दाबलं, मधल्या बोटाने दाबलं. ठोकळा ढिम्म. शेवटी शेजाऱ्यांच्या दारावर थापा मारल्या, शेजाऱ्यांनी गाडी काढली, आणि आईला घेऊन निघाले.

"जरा आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर लोक बोलून जातात; ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं.

आई गेली. बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत राहिले. "नंबर समोर होता हो. मलाच उघडता आला नाही." वेबवाली त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. "असू द्या बाबा. घाबरल्यावर होतं असं." आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटत होतं. बाबांचे हात! तिने ते लहानपणापासून पाहिलेले.

पाहुणे आपापल्या घरी परतले. एका संध्याकाळी आईचा फोटो शोधायला तिने बाबांचा फोन हातात घेतला. दर्शनी भागावर ते पान होतंच. सहज उघडलं. सहज दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिची बोटं तर आईवर गेलेली होती, सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी. तिची नजर फोनच्या तडकलेल्या कोपऱ्यावर गेली. हा तर तोच म्हातारा.

दुसऱ्या दिवशी तिने तो फोन चिक्कूच्या टेबलावर नेऊन ठेवला. चिक्कूने दाबून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. 'मी सांगत होतो' असं तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता कीबोर्ड पुढे ओढला. दोघांनी मिळून दुसरी पेटी उपटली आणि पहिली बसवली. साहेबांना सांगितलं, अपडेट होता.

बाबांना मात्र काही सांगितलं नाही. रोज घरी येताना ती ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज दार उघडून 'जेवलात का?' एवढंच विचारायची.

बाबा तिकडे टेबलापाशी बसून सराव करत. अहो, खरंच सराव! फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडायचा आणि एकेक आकडा दाबत बसायचं. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं की म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी होते, मग फोनला बोट कळत नाही. तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ बोटांना क्रीम चोळायचे, आईच्या डबीतलं. घरभर आईचा वास यायचा. वेबवाली तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून उभी राहायची.

हळूहळू बाबांनी सगळ्यातूनच हात काढून घेतला. गॅस पेटवेनात. दाराची कडी काढेनात. "मला नाही जमायचं," स्वतःच म्हणायचे, आणि आता 'द्या इकडे' म्हणणारं कुणी नव्हतं. मग एक दिवस म्हणाले, "तू दुसरीकडे राहायला जा बघू. उद्या तुला काही झालं तर? तुझ्या सोबतीला मी असलो म्हणजे तू मेलीसच."

हे ऐकून तिला राहवलं नाही. तिने ऑफिसात एक चाचणीचं पान केलं. वर दुसऱ्या पेटीतला ठोकळा, खाली पहिलीतला. घरी येऊन ते त्याच जुन्या फोनवर उघडलं आणि बाबांच्या पुढ्यात धरलं.

"बाबा, वरचा दाबा."

बाबांनी आधी बोट पुसलं. दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा उतरला. "बघ. सांगतोय ना तुला."

"आता खालचा."

खट्कन उघडला. "अगं, आलं की!" बाबा मोठ्याने ओरडले. "क्रीमचा गुण बघ!"

"क्रीमचा नाही, बाबा." "वरचा उघडणारच नव्हता. ह्या फोनवर कुणी दाबला असता तरी उघडला नसता. मी दाबला, नाही उघडला. तो मी निवडला होता. ह्या फोनवर बघून घे म्हणून सांगितलेलं असताना, न बघता."

बाबांनी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"पाहुणे गेले, तेव्हाच."

"आणि मी क्रीम चोळत होतो, ते बघत होतीस?"

"हो."

बाबांनी फोन टेबलावर उलटा ठेवला. ती बोलणी खायला तयार होती. एखादी थोबाडीत बसली असती तर तिने गालही पुसला नसता. पण बाबा आपली बोटं उलटसुलट करून बघत बसले, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"म्हणजे मला जमत होतं," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"गाडीतसुद्धा मी दाबतच होतो गं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं. त्यानंतर बोललीच नाही ती." बाबांनी मान वर केली. "तिला आता कोण सांगणार?"