गच्चीवरची तार

आमच्या अपार्टमेंटमधला गुरुसिद्धप्पा म्हणे जगाशी बोलतो! जिन्यात समोर आला तर 'जेवलास का' एवढं विचारायची पंचाईत, आणि हा फिनलंडशी बोलणार! टॉवेलच्या कारखान्यातनं रिटायर झालेला वायरमन. बायको गेलेली. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार, ती एरियल; खाली खोलीत हॅम रेडिओ, हौशी लोकांचा बिनतारी बोलायचा संच. सरकारी परवाना फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगलेला. थाट बघा!

एका रविवारी संध्याकाळी सहाला मी मुद्दाम जाऊन बसलो. अर्धा तास नुसती खरखर. मग तिकडचा एक म्हातारा उगवला. मोडक्या इंग्रजीत दोघं काय बोलले? 'तुझा आवाज येतोय. इकडं ऊन. तिकडं बर्फ. बरं, पुढच्या रविवारी.' संपलं! तेवीस वर्षं हेच. वर बोलल्याची पावती म्हणून एकमेकांना पोस्टानं कार्डं. डोंबलाचं बोलणं! आमची भाजीवाली मेथीच्या एका जुडीला याहून जास्त बोलते.

मार्चमध्ये गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं. सेक्रेटरी मी. तार काढा म्हणालो. एरवी खाली मान घालून जाणारा माणूस माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मल्लिनाथ, रविवारपर्यंत थांब की. त्याला सांगतो. एकदम गप्प झालो तर मेलो समजंल. शहाऐंशी वर्षांचा हाय तो."

"फोन करा की मग, अप्पा!"

"नंबर न्हाय."

"तेवीस वर्षांत नंबर घेतला नाही?"

"आमी रेडिओवर बोलतो की."

घ्या! "मग कार्ड टाका."

"पोचायला दोन महिने लागतात रे."

असल्या येडपटापायी सोलरवाल्यांना थांबवू? शुक्रवारी माणसं आली. तार उतरवली, वेटोळं करून मीच भंगारवाल्याला देऊन टाकली.

जूनमध्ये एका शनिवारी एक जाडजूड पाकीट आलं. वर इंग्रजीत 'गुरुसिद्धप्पांच्या कुटुंबास'. कुटुंब कुठलं? दुसऱ्या दिवशी मीच नेऊन दिलं. त्यानं माझ्यासमोर फोडलं. आत याचीच कार्डं, तेवीस वर्षांची, दोऱ्यानं बांधलेली. सोबत चिठ्ठी. याला चष्मा सापडेना, म्हणून मी वाचली.

'चार रविवार हाक मारली. मग समजलो. त्यांची कार्डं तुमच्याकडं असू द्या. फार चांगला माणूस होता.'

लाज वाटली, खोटं कशाला सांगू. गुरुसिद्धप्पा उठला, रेडिओवरचं फडकं काढून त्यानं घडी घातली.

"आज रविवार हाय," म्हणाला. "मल्लिनाथ, ती तार कुटं ठेवलीस?"