जावयासाठी कोंबडीचे पंख

मल्लय्याकाकांना लाल रंग म्हटलं की ते विचारायचे, "कुठला लाल?" लग्नपत्रिका असो की पुढाऱ्याचं पत्रक, आधी ती वस्तू उजेडात धरून पाहायची आणि मगच बोलायचं. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म सूत रंगवलं होतं. काम सुटून वर्षं झाली तरी नखांच्या कडांना निळसर छटा होतीच.

"वल्ल्या रंगावर बोलू नये, सर. वाळू द्या की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या नगरसेवकापासून गल्लीत आलेल्या नव्या सुनेपर्यंत सगळ्यांना ते ही सवलत देत. मी ग्रंथपाल होतो. याहून कमी अर्थाच्या किती तरी प्रस्तावना मी कपाटात लावल्या आहेत.

सवलत मिळाली नव्हती ती एकट्या जावयाला. त्यांच्या पद्मानं टेंभुर्णीच्या सचिनशी लग्न केलं. सचिन परजातीचा, त्यात गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारणारा. "पत्र्यावर फवारतो तो! त्याला रंगातलं काय कळतंय?" काकांना नक्की जात खुपत होती की फवारा, हे मला कधी समजलं नाही. चार वर्षं त्यांनी पोराचं तोंड पाहिलं नाही.

मग एक दिवस पद्माचा फोन आला. "नाना, रविवारी आम्ही दोघं येऊ?" काका "या" म्हणाले आणि फोन ठेवून शेजारी माझ्याकडे आले. काकू हयात नव्हत्या. "माफी बिफी मला जमत न्हाय, सर. कायतरी रांधतो." सचिनला हायवेवरच्या हॉटेलातले चकचकीत कोंबडीचे पंख आवडतात, एवढी माहिती त्यांनी पोरीकडून काढली होती.

शनिवारी आम्ही चिकनच्या दुकानात गेलो. किलोभर नुसते पंख मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "कुत्र्याला का ओ काका?"

"जावयाला," काका म्हणाले.

माझ्या फोनवरच्या व्हिडिओत एक उंच टोपीवाला स्वयंपाकी मध आणि सोया सॉसवर प्रवचन देत होता. काकांनी तो बंद करवला. गूळ, चिंच, लसूण, लाल तिखट यांचं दाट पाणी उकळून त्यांनी कच्चे पंख त्यात बुडवले, अगदी सुताच्या लडी बुडवाव्यात तसे, आणि तसेच तेलात सोडले. गूळ क्षणात करपला. बाहेर कोळसा, आत रक्त.

काका कढईकडे बघत बसले. "उद्या येणार ती, आन् मी असलं वाढू?"

मग एकदम उठले. "चुकलं, सर. हे रंगाचं काम न्हाय, खळीचं हाय." मागावर चढवण्याआधी सुताला वरून कांजी देतात, ती खळ. ती आत मुरवायची नसते.

रविवारी सकाळी पंख फडक्यानं कोरडे केले, मीठ लावून खरपूस तळले. गुळाचा पाक वेगळा आटवला आणि नव्या कोऱ्या ब्रशनं पंखांवर पातळ हात दिला. मंद तव्यावर तो सुकला की दुसरा, मग तिसरा. पंख आरशासारखे चमकायला लागले.

दुपारी सचिन खाली मान घालून जेवला. हाडांचा ढीग वाढत गेला. काका उरलेले पंख आणायला स्वयंपाकघरात माझ्याकडे आले आणि कानाशी पुटपुटले, "पोराला मी वल्ला असतानाच नापास केलं, सर. खरं तर बघितलंच न्हाय."

सचिन रिकामी ताटली घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं. काका गडबडले आणि ब्रश पाकात बचकन बुडवून पंखावर टेकवला.

"मामा, इतका जाड हात नका देऊ," तो म्हणाला. "ओघळ येतो. आणा हिकडं."

काकांनी ब्रश दिला. त्यानं तो भांड्याच्या काठावर निथळवला आणि एका दमात सफाईदार हात फिरवला. काकांनी तो पंख खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ.

"पद्मा," त्यांनी हाक मारली, "ह्याला काम येतंय की गं!"

गेल्या वर्षी काका टेंभुर्णीला राहायला गेले. गाडीला लाल रंग हवा म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या माणसाला आता दारातच विचारलं जातं, "कुठला लाल?"